तीव्र अ‍ॅलर्जिक दमा आणि बायोलॉजिक औषधे : इंजेक्शनाआधीचे काम

रेस्पिरेटरी थेरपीच्या विद्यार्थ्यांनी बायोलॉजिक औषधांची, म्हणजे शरीरातील एका ठराविक रेणूला अडवणाऱ्या प्रयोगशाळेत बनवलेल्या प्रतिपिंडांची, यादी पाठ करण्याआधी मेपोलिझुमॅब या एका औषधाची हकीकत समजून घ्यावी. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, इनहेलरमधून स्टेरॉइड घेऊनही लक्षणे शिल्लक असलेल्या ३६२ दमेकऱ्यांपैकी काहींना हे औषध आणि काहींना प्लासिबो (औषध नसलेली नकली मात्रा) देण्यात आले. औषधाने रक्तातील इओसिनोफिल पेशी, म्हणजे अ‍ॅलर्जीच्या सुजेत वाढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, अपेक्षेप्रमाणे घटल्या, परंतु रुग्णांच्या श्वसनक्षमतेत आणि लक्षणांत दखल घेण्याजोगा फरक पडला नाही. इओसिनोफिल घटवून दमा सुधारत नाही, असा निष्कर्ष तेव्हा अनेकांनी काढला. दोनच वर्षांनी, २००९ मध्ये, इंग्लंडमधील लेस्टर आणि कॅनडातील हॅमिल्टन येथील संशोधकांनी तेच औषध पुन्हा वापरून पाहिले. मात्र या वेळी त्यांनी स्टेरॉइड चालू असूनही ज्यांच्या इओसिनोफिल वाढलेल्या राहत होत्या, असेच रुग्ण घेतले. लेस्टरच्या अभ्यासात अवघे ६१ रुग्ण होते, तरीही वर्षभरात दमा बळावण्याचे प्रसंग प्लासिबो गटात दर रुग्णामागे सरासरी ३.४ आणि औषधाच्या गटात २.० इतके नोंदले गेले. हॅमिल्टनच्या रुग्णांना स्टेरॉइडच्या गोळ्या बऱ्याच कमी करता आल्या. रेणू तोच होता, बदलली होती ती रुग्णांची निवड.

या औषधांबद्दलची जवळजवळ प्रत्येक व्यावहारिक गोष्ट इथूनच निघते. बायोलॉजिक औषध कोणाला लागू पडेल हे इंजेक्शन देण्याच्या बरेच आधी ठरलेले असते, आणि ते ठरवण्यासाठी लागणारी माहिती, म्हणजे स्पायरोमेट्री (फुंकून करायची श्वसनक्षमतेची चाचणी), उच्छ्वासातील नायट्रिक ऑक्साइड आणि इनहेलर घेण्याची पद्धत, बहुतेक वेळा थेरपिस्टच्या हातून गोळा होते. औषध लिहून देण्याचा अधिकार डॉक्टरांचा आहे हे खरे, पण चुकीच्या मोजमापावर आधारलेले प्रिस्क्रिप्शन कितीही विचारपूर्वक लिहिले तरी चुकीचेच ठरते.

पहिला प्रश्न असा की, दमा खरोखर तीव्र आहे का? रुग्णाला किती त्रास होतो एवढ्यावर तीव्रता ठरत नाही. इनहेलरमधील स्टेरॉइडचा मोठा डोस आणि त्यासोबत दीर्घकाळ टिकणारे श्वासनलिका रुंदावणारे औषध, ही दोन्ही योग्य पद्धतीने आणि नियमित घेऊनही दमा आटोक्यात येत नसेल, किंवा ती कमी करताच पुन्हा बळावत असेल, तरच त्याला तीव्र दमा म्हणतात. नेदरलँड्समधील एका अभ्यासात सुमारे १७ टक्के प्रौढ दमेकऱ्यांचा दमा आटोक्यात आणणे कठीण असल्याचे दिसले; पण इनहेलरचे तंत्र आणि नियमितपणा तपासल्यावर खऱ्या अर्थाने तीव्र दमा केवळ ३.७ टक्के रुग्णांत उरला. या दोन आकड्यांमधील अंतर हे थेरपिस्टचे कार्यक्षेत्र आहे.

ते अंतर आपल्याकडे कशामुळे पडते, हे छातीच्या विकारांच्या कोणत्याही बाह्यरुग्ण विभागात सहज दिसेल. पंपाची सवय लागते या भीतीने बरे वाटताच तो बंद केला जातो. कोरड्या पावडरीची कॅप्सूल इनहेलरमध्ये न घालता पाण्याबरोबर गिळणारे रुग्णही भेटतात. सर्वांत जास्त चुका श्वासाच्या वेगात होतात. दाबून फवारा सोडणाऱ्या इनहेलरसाठी श्वास हळू आणि खोल, चार-पाच सेकंद घ्यावा लागतो. पावडरीच्या इनहेलरसाठी मात्र सुरुवातीपासून जोरात ओढावा लागतो. ज्या रुग्णाला दोन्ही प्रकारची साधने दिलेली असतात, तो बहुधा दोन्हींवर एकच पद्धत वापरतो. रुग्णाने स्वतःच्या साधनाने आपल्यासमोर करून दाखवल्याशिवाय तंत्र योग्य असल्याची नोंद करू नये. ‘बरोबर घेतो’ हे त्याचे उत्तर पुरावा म्हणून धरता येत नाही. याच टप्प्यावर नाकातील पॉलिप, आम्लपित्त, स्थूलपणा, झोपेतील श्वासरोध, विडी-सिगारेट आणि चुलीचा धूर यांची चौकशी होते. स्वरयंत्राच्या पडद्यांच्या चुकीच्या हालचालीमुळे होणारा त्रासही हुबेहूब दम्यासारखा वाटतो; श्वास आत घेताना घशाशी आवाज येत असेल आणि स्पायरोमेट्रीतील आत घेण्याची रेषा चपटी दिसत असेल, तर ही शंका डॉक्टरांच्या कानावर घालावी.

दमा तीव्र असल्याचे नक्की झाल्यावर पुढचा प्रश्न तो कोणत्या वाटेने पेटला आहे हा. अ‍ॅलर्जिक दम्यात धुळीतील किडे, झुरळांचे अवशेष, बुरशी किंवा पाळीव प्राण्यांच्या त्वचेचा कोंडा असा एखादा घटक श्वासनलिकेच्या अस्तरावर पडला की तेथील पेशी टीएसएलपी नावाचा संदेशवाहक रेणू सोडतात. त्यामुळे जागी झालेली प्रतिकारयंत्रणा इंटरल्यूकिन नावाचे आणखी संदेश पाठवते, आणि त्यातील तीन आपल्या कामाचे आहेत. इंटरल्यूकिन-४ मुळे बी पेशी त्या विशिष्ट घटकाविरुद्ध आयजीई प्रतिपिंड बनवू लागतात. इंटरल्यूकिन-१३ मुळे श्लेष्मा वाढतो, नळ्या अतिसंवेदनशील होतात आणि अस्तरातील पेशी जास्त नायट्रिक ऑक्साइड तयार करतात. इंटरल्यूकिन-५ मुळे अस्थिमज्जेत इओसिनोफिल तयार होतात, रक्तात येतात आणि ऊतींमध्ये दीर्घकाळ टिकतात. दरम्यान आयजीई ऊतींमधील मास्ट पेशींच्या, म्हणजे हिस्टामीन साठवणाऱ्या पेशींच्या, पृष्ठभागावर जाऊन बसलेले असते. तोच घटक पुन्हा आला की तो शेजारशेजारच्या आयजीईंना एकमेकांशी जोडतो, मास्ट पेशी फुटल्यासारखी होऊन हिस्टामीन आणि ल्युकोट्रिन बाहेर टाकते, आणि काही मिनिटांत श्वासनलिका आवळते. काही तासांनी सुजेची दुसरी लाट येते. ब्रॉन्कोडायलेटरने पहिला त्रास सुटतो, दुसरा सुटत नाही, याचे कारण हेच आहे.

आयजीईचा शोध १९६०च्या दशकात लागला. अमेरिकेत काम करणारे किमिशिगे आणि तेरुको इशिझाका हे जपानी दांपत्य आणि स्वीडनमधील योहान्सन व बेनिख हे दोन गट स्वतंत्रपणे त्यापर्यंत पोहोचले. एकाच ठराविक लक्ष्याला चिकटणारे प्रतिपिंड प्रयोगशाळेत हवे तेवढे बनवण्याची पद्धत १९७५ मध्ये कोलर आणि मिलस्टाइन यांनी दाखवली. या दोन धाग्यांच्या गाठीतून ओमालिझुमॅब तयार झाले आणि जून २००३ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. दम्यासाठीचे हे पहिले बायोलॉजिक औषध असून, थेट अ‍ॅलर्जीच्या प्रतिपिंडालाच लक्ष्य करत असल्यामुळे अ‍ॅलर्जिक दम्याच्या विद्यार्थ्याने तेच सर्वांत बारकाईने शिकावे.

ओमालिझुमॅब हे स्वतःच एक प्रतिपिंड आहे, आणि ते रक्तात मोकळ्या फिरणाऱ्या आयजीईला पकडते. पकडण्याची जागा महत्त्वाची आहे : आयजीई ज्या भागाने मास्ट पेशीच्या ग्राहीला (पेशीवरील रेणू पकडण्याच्या जागेला) चिकटते, नेमका तोच भाग ते झाकते. म्हणून पकडलेले आयजीई पेशीवर बसू शकत नाही. आधीच पेशीवर बसलेल्या आयजीईचा तो भाग ग्राहीत अडकलेला असल्यामुळे औषध त्याला धरू शकत नाही, आणि म्हणूनच ते मास्ट पेशींना स्वतः उद्दीपित करत नाही. रक्तातील मोकळे आयजीई पहिल्या इंजेक्शनानंतर लवकरच घसरते, मात्र रुग्णाला फरक जाणवायला आठवडे लागतात. मोकळे आयजीई कमी झाल्यावर बेसोफिल (रक्तातील मास्ट पेशींसारख्या पेशी) आणि मास्ट पेशी हळूहळू आपल्या पृष्ठभागावरील ग्राहीही कमी करतात, आणि या बदलाला वेळ लागतो. परिणामाचा हिशेब म्हणून १६ आठवड्यांनी करतात. पहिल्या महिन्यात ‘काहीच फरक नाही’ म्हणणाऱ्या रुग्णाला हे नीट सांगितले नाही, तर तो दुसऱ्या-तिसऱ्या इंजेक्शनालाच येणे बंद करतो.

याचा डोस रुग्णाचे वजन आणि उपचारापूर्वीचे एकूण आयजीई या दोन आकड्यांवरून ठरतो. दर चार आठवड्यांना, वजनाच्या प्रत्येक किलोमागे आणि आयजीईच्या प्रत्येक एककामागे किमान ०.०१६ मिलिग्रॅम औषध पोहोचावे, हा त्यामागचा हिशेब आहे. प्रत्यक्षात तो तयार तक्त्यातून वाचतात. उदाहरणार्थ, ५५ किलो वजन आणि १८० आयजीई असलेल्या प्रौढाला दर चार आठवड्यांनी ३०० मिलिग्रॅम लागते. दोन्ही आकडे मोठे असतील तर औषध दर दोन आठवड्यांनी द्यावे लागते, आणि एका मर्यादेपलीकडे रुग्ण तक्त्याच्या बाहेरच पडतो. वजन अंदाजाने लिहिले तर डोस चुकतो, हे उघड आहे. कमी उघड असलेली चूक अशी की, उपचार सुरू झाल्यावर कोणी तरी एकूण आयजीई पुन्हा तपासते आणि ते वाढलेले पाहून औषध उलटे पडले असे समजते. औषध आणि आयजीई यांची जोडी शरीरातून मोकळ्या आयजीईपेक्षा सावकाश बाहेर पडते, म्हणून एकूण आकडा चढतो, आणि उपचार थांबवल्यावरही तो वर्षभर चढलेला राहू शकतो. या काळातल्या आकड्यावरून नवा डोस ठरवत नाहीत.

आयजीई फार वाढलेले असेल, म्हणजे हजारांत गेले असेल, तर भारतात आणखी एक शक्यता तपासावी लागते. अ‍ॅस्परजिलस बुरशीच्या अ‍ॅलर्जीमुळे होणारा एबीपीए हा आजार आपल्याकडील दमेकऱ्यांत दुर्मीळ नाही. त्यात छातीच्या एक्स-रेवर येणाऱ्या सावल्यांमुळे काही रुग्णांना आधी क्षयरोगाचे उपचार दिलेले असतात. खोकल्यातून तपकिरी, घट्ट गुठळ्या पडतात का, हा प्रश्न थेरपिस्ट कफाचा नमुना घेताना सहज विचारू शकतो. एबीपीएची उपचारपद्धती वेगळी आहे, तिथे स्टेरॉइडच्या गोळ्या आणि बुरशीविरोधी औषधे आधी येतात.

वर्गात हमखास येणारा एक प्रश्न इथेच घेतो : आजार फुप्फुसात आहे, तर हे औषध नेब्युलायझरने का देत नाहीत? प्रश्न रास्त आहे, आणि तो प्रयोगाने तपासलाही गेला आहे. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हेच प्रतिपिंड फवाऱ्याने फुप्फुसात दिले, तेव्हा अ‍ॅलर्जनमुळे, म्हणजे अ‍ॅलर्जी करणाऱ्या घटकामुळे, श्वासनलिका आवळण्यावर त्याचा परिणाम झाला नाही. हा सुमारे दीड लाख डाल्टनचा अवाढव्य प्रथिन रेणू आहे. ज्या ऊतींत आणि रक्तात आयजीई फिरते तिथे तो नळीच्या बाजूने पुरेसा पोहोचत नाही. तोंडाने घेतल्यास जठरात तो इतर प्रथिनांसारखा पचून जाईल. त्वचेखालील इंजेक्शन हाच व्यवहार्य मार्ग उरतो, आणि अशा प्रतिपिंडांचे आयुष्य शरीरात काही आठवड्यांचे असल्यामुळे रोज टोचावे लागत नाही.

बाकीची औषधे त्याच साखळीच्या वेगवेगळ्या कड्या तोडतात. मेपोलिझुमॅब इंटरल्यूकिन-५ ला रक्तातच पकडते आणि दर चार आठवड्यांनी १०० मिलिग्रॅम दिले जाते. बेनरालिझुमॅब इंटरल्यूकिन-५ च्या ग्राहीला चिकटते आणि नैसर्गिक मारक पेशींकरवी इओसिनोफिल नष्टच करवते. पहिले तीन डोस चार आठवड्यांच्या अंतराने आणि पुढचे आठ आठवड्यांनी देतात. लांबून प्रवास करून येणाऱ्याला हे अंतर मोठे सोयीचे ठरते. रेस्लिझुमॅब शिरेतून द्यावे लागते. ड्युपिलुमॅब ज्या ग्राहीवर बसते तो इंटरल्यूकिन-४ आणि १३ या दोघांनाही लागतो, म्हणून एका औषधाने दोन संदेश थांबतात. ते दर दोन आठवड्यांनी देतात, आणि सोबत अ‍ॅटोपिक डर्मटायटिस (अ‍ॅलर्जीशी निगडित इसब) किंवा नाकात पॉलिप असतील तर त्यांनाही त्याचा उपयोग होतो. त्यानंतर काही रुग्णांच्या रक्तातील इओसिनोफिल काही काळ उलट वाढतात, कारण त्या रक्तातून ऊतींमध्ये जाण्याची वाट अडलेली असते. डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले टेझेपेलुमॅब साखळीच्या अगदी वरच्या टोकाला, टीएसएलपीलाच अडवते. त्याच्या मोठ्या चाचणीत वर्षाला दमा बळावण्याचे प्रमाण प्लासिबोच्या २.१० च्या तुलनेत ०.९३ होते, आणि ज्यांच्या इओसिनोफिल कमी होत्या त्यांनाही काही प्रमाणात फायदा झाला.

अ‍ॅलर्जी आहे म्हणून ओमालिझुमॅबच द्यावे, असा नियम मात्र नाही. कित्येक रुग्णांत अ‍ॅलर्जीची चाचणी सकारात्मक असते आणि इओसिनोफिलही वाढलेल्या असतात. त्यांना दोन-तीन औषधे लागू पडू शकतात. लहानपणापासूनचा दमा, धूळ झटकताना किंवा मांजर जवळ येताच होणारा त्रास, वर्षभर आढळणाऱ्या एखाद्या अ‍ॅलर्जनसाठी त्वचेची किंवा रक्ताची सकारात्मक चाचणी आणि तक्त्यात बसणारे आयजीई असेल तर ओमालिझुमॅबकडे कल जातो. दमा प्रौढपणी सुरू झालेला असेल, पॉलिप असतील आणि इओसिनोफिल प्रति मायक्रोलिटर ३०० च्या वर असतील, तर इंटरल्यूकिन-५ ची वाट अधिक संभवते. एकूण आयजीई जितके जास्त तितका ओमालिझुमॅबचा फायदा जास्त, असे मात्र समजू नये. तो आकडा डोस ठरवण्यासाठी आहे, फायद्याचे भाकीत त्यावरून चांगले करता येत नाही. माझ्या मते विद्यार्थ्यांचा सर्वाधिक गोंधळ याच ठिकाणी होतो.

भाकितासाठी उपयोगी पडणाऱ्या दोन मोजमापांपैकी उच्छ्वासातील नायट्रिक ऑक्साइड, ज्याला रोजच्या बोलण्यात फेनो म्हणतात, पूर्णपणे थेरपिस्टच्या कौशल्यावर अवलंबून असते. रुग्णाने सेकंदाला ५० मिलिलिटर या स्थिर वेगाने श्वास सोडायचा असतो. वेग वाढला की आकडा खाली येतो, कारण हवा नळ्यांतून भराभर निघून जाते. चाचणी स्पायरोमेट्रीच्या आधी करावी, कारण जोरात फुंकण्याच्या प्रयत्नांनी आकडा बदलतो. धूम्रपानाने तो कमी दिसतो. पालेभाज्या आणि बीट यांसारख्या नायट्रेटयुक्त पदार्थांनी वाढलेला दिसतो. प्रौढांत २५ भाग प्रति अब्जाच्या खालचा आकडा कमी आणि ५० च्या वरचा जास्त मानतात, पण स्टेरॉइडचा इनहेलर नियमित चालू असताना ५० च्या वर आकडा मिळाला तर त्याचे पहिले स्पष्टीकरण पुष्कळदा ‘इनहेलर घेतलाच जात नाही’ हे असते. रक्तातील इओसिनोफिलबाबतचा सापळा याच्या उलट आहे : गेल्या काही दिवसांत प्रेडनिसोलोनच्या गोळ्या घेतल्या असतील तर त्या शून्याच्या जवळ दिसू शकतात, आणि औषधाला योग्य असलेला रुग्ण कागदावर अयोग्य ठरतो. अहवालाशेजारी शेवटची स्टेरॉइडची गोळी कोणत्या तारखेला घेतली हे लिहिण्याला फारसा वेळ लागत नाही. इओसिनोफिल जंतांमुळेही वाढतात. शिवाय ही औषधे जंतांविरुद्धच्या प्रतिकारयंत्रणेलाच हात घालत असल्याने, जंतसंसर्ग असेल तर तो आधी बरा करून मगच उपचार सुरू करतात.

इंजेक्शनाच्या दिवसाची कामे नीरस असली तरी ती टाळता येत नाहीत. औषध २ ते ८ अंश सेल्सियसला ठेवायचे, गोठवायचे नाही आणि हलवायचे नाही. ओमालिझुमॅबची पावडर विरघळायला बराच वेळ लागतो, घाईने कुपी हलवली की फेस होतो. द्रावण दाट असल्यामुळे टोचणे सावकाश होते, आणि १५० मिलिग्रॅमपेक्षा जास्त डोस असेल तर तो एकाहून अधिक जागी विभागून देतात. त्या दिवशी दमा उसळलेला असेल तर आधी तो सांभाळायचा. ही औषधे अ‍ॅटॅक थांबवत नाहीत. ओमालिझुमॅबनंतर अ‍ॅनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतू शकणारी तीव्र अ‍ॅलर्जिक प्रतिक्रिया, होण्याचे प्रमाण साधारण हजारात एक-दोन इतके कमी आहे, परंतु त्यासाठीचा ठळक इशारा २००७ पासून अमेरिकेतील माहितीपत्रकावर आहे. पहिल्या तीन इंजेक्शनांनंतर दोन तास आणि पुढे अर्धा तास रुग्णाला थांबवून ठेवण्याची पद्धत त्यातूनच आली. अंगावर गांधी, आवाज बसणे, चक्कर आणि धाप यांतील लक्षणे एकत्र दिसली तर मांडीच्या बाहेरील स्नायूत अ‍ॅड्रेनालिन, प्रौढांत ०.५ मिलिग्रॅम, हा पहिला उपाय आहे. केवळ सॅल्ब्युटामॉलचे नेब्युलायझेशन करत बसणे हा आपल्या पेशातील नेहमीचा मोह असतो आणि तो इथे घातक ठरू शकतो. प्रतिक्रिया घरी गेल्यावरही येऊ शकते, हे रुग्णाच्या सोबत आलेल्या माणसालाही सांगावे.

औषध लागू पडल्यावर रुग्ण सर्वप्रथम इनहेलर सोडतो. आधीची औषधे कमी करायची असतात ती स्टेरॉइडच्या गोळ्यांपासून सुरुवात करून, तीही हळूहळू, कारण वर्षानुवर्षे गोळ्या घेतलेल्यांच्या अधिवृक्क ग्रंथी (शरीरातील नैसर्गिक स्टेरॉइड बनवणाऱ्या ग्रंथी) मंदावलेल्या असतात आणि अचानक थांबवल्यास रक्तदाब कोसळू शकतो. गोळ्या उतरवताना पायात मुंग्या, त्वचेवर जांभळे ठिपके किंवा नवीन थकवा दिसला तर आतापर्यंत स्टेरॉइडखाली दबून राहिलेला रक्तवाहिन्यांचा दाह वर येत असण्याची शक्यता असते. इनहेलरचा डोस किती खाली आणता येतो, हे बेनरालिझुमॅब घेणाऱ्या रुग्णांवर २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तपासले गेले. बहुसंख्यांना तो कमी करता आला, पण नियमित इनहेलर पूर्ण बंद करून तो केवळ गरजेपुरता ठेवलेल्या गटात एफईव्ही-१ (जोरात श्वास सोडताना पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा) घसरले आणि फेनो वाढले. रुग्णाला बरे वाटत असतानाही प्रत्येक भेटीत स्पायरोमेट्री करण्याला यामुळे अर्थ येतो.

ही औषधे महाग आहेत आणि आपल्याकडे खर्चाचा मोठा भार बहुधा कुटुंबावरच पडतो, म्हणून वर्ष-दोन वर्षांनी ‘आता बंद केले तर चालेल का’ हा प्रश्न येतोच. ओमालिझुमॅब सुमारे पाच वर्षे घेतलेल्या रुग्णांच्या एका चाचणीत काहींचे औषध चालू ठेवले आणि काहींचे नकळत प्लासिबोवर बदलले. पुढील वर्षभरात औषध चालू असलेल्यांपैकी सुमारे ६७ टक्के, तर बंद केलेल्यांपैकी सुमारे ४८ टक्के रुग्णांचा दमा एकदाही बळावला नाही. म्हणजे बंद केलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे लोक निदान त्या वर्षी औषधाविना निभावून गेले, पण ते निम्मे कोण हे आधी सांगता येत नाही. त्यामुळे औषध थांबवायचेच असेल तर त्याआधीचे एफईव्ही-१, फेनो, लक्षणांचा गुणांक आणि रुग्णाच्या साधनाची तपासणी त्याच दिवशी नोंदवून ठेवावी, आणि पहिल्या वर्षात तीच मोजमापे त्याच उपकरणावर ठराविक अंतराने पुन्हा घ्यावीत.